सांभाळण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर?

(मालगुंड इथे परिसरातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



आपण आजवर एकत्र बसून दारूवर बोललो, रेशनवर बोललो, मारहाणीवर बोललो, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर बोललो. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या विसरण्यावर बोलायचं आहे. आणि नुसतं विसरण्यावर नाही, तर त्या विसरण्याचे पैसे कोण भरतं यावर.

आपल्याकडे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. कुणी म्हातारचळ म्हणतं, कुणी भ्रमिष्ट म्हणतं. कुणी म्हणतं, सुनेला छळायला नाटक करते. डॉक्टर याला स्मृतिभ्रंश म्हणतात, इंग्रजी नाव डिमेन्शिया. हा मेंदूचा आजार आहे. आमटीत मीठ घातलं की नाही हे विसरणं वेगळं. ते तुमचं-माझंही होतं. पण जन्मभर आमटी केलेल्या बाईला आमटी कशी करतात हेच आठवेनासं होणं, ओळखीच्या पाणंदीत रस्ता चुकणं, पोटच्या मुलीला 'तू कुणाची गो?' असं विचारणं, हे नुसतं म्हातारपण नाही. अल्झायमर हे या आजाराचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानं, बारीक बारीक झटके येऊन गेल्यानंही तो होतो.

आणि हा आजार फक्त मुंबई-पुण्याच्या बंगल्यांतला नाही. देशभरातल्या वृद्धांची तपासणी करून केलेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात साठीपुढच्या माणसांमध्ये हे प्रमाण शेकडा ७.४ निघालं, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, शाळा न शिकलेल्यांत जास्त. लहानपणी शिक्षण न मिळणं हे या आजाराचा धोका वाढवणारं एक कारण मानलं जातं. जिला सत्तर वर्षांपूर्वी 'मुलीच्या जातीला शाळा कशाला' म्हणून घरी बसवलं, तिच्या त्या न झालेल्या शाळेची किंमत आज तिचा मेंदू मोजतो आहे, आणि तिची सून मोजते आहे. बाईवरचा अन्याय एका पिढीत संपत नाही तो असा.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू या. कुणाचं म्हणून नाही, तुमच्या वाडीतलं कुठलंही असेल. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. तीन मुलगे, दोन मुंबईला, एक गावात. एक मुलगी चिपळूणला दिलेली. गावातल्या मुलाची बायको हंगामात आंब्याच्या कॅनिंगला जायची, एरवी गणपतीपुळ्याला पर्यटकांच्या निवासात स्वयंपाकाला. सासूबाई दोनदा मागल्या दारानं निघून समुद्राकडे गेल्या. एकदा चुलीतली पेटती लाकडं पडवीत आणून ठेवली. तेव्हापासून सून घरी बसली.

या घराला विचारा, आजारावर किती खर्च होतो? घरातला पुरुष सांगेल, 'गोळ्यांचे महिन्याला अमुक, रत्नागिरीला जाण्यायेण्याचे तमुक.' तो खोटं बोलत नाही. त्याला दिसतं तेवढंच तो सांगतो. हा खर्च चार प्रकारचा असतो, आणि त्यातला एकच त्याच्या हिशेबात येतो.

पहिला खर्च औषधपाण्याचा. त्यातही सुरुवातीला कौल, नारळ, गाऱ्हाणी, बुवा यांवर बरेच पैसे जातात. देवाला नमस्कार करायला कुणाची ना नाही. पण पहिले पैसे डॉक्टरकडे जाऊ देत. कारण थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, चालू असलेल्या एखाद्या गोळीचा परिणाम, यांनीही माणूस असंच वागतं, आणि हे उपचारानं सुधारू शकतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिथून जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. महाराष्ट्रात अशी चारच आहेत, त्यातलं एक आपल्या जिल्ह्यात. तिथं जायला लाज कसली? आणि कुणी महागडं औषध 'यानं पूर्ववत होतील' म्हणून गळ्यात मारत असेल, तर घेऊ नका. अल्झायमर पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. काही गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा आराम पडतो, इतकंच.

दुसरा खर्च रोजच्या वस्तूंचा. लंगोट, जादा साबण, जादा चादरी, दाराला वरची कडी, पातळ अन्न. हा खर्च बाई दूध-भाजीच्या पैशातून काढते. म्हणून तो कुणाला दिसत नाही.

तिसरा खर्च म्हणजे तिची बुडालेली मजुरी. हा सर्वांत मोठा, आणि कुणी मोजत नाही तोही हाच. आपण मोजू. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये होता. महिन्याचे २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये. वर्षाचे ९७ हजारांवर. हे झालं आठ तासांच्या दिवसाचं. सासूबाई रात्री दोन वाजता उठून 'मला माझ्या घरी जायचं' म्हणून दार वाजवतात, ते तास यात धरलेलेच नाहीत. तरी लाखाच्या घरात आकडा गेला. मुंबईचा दीर महिन्याला दोन हजार पाठवतो, आणि गावात त्याचं नाव होतं, आईला पैसे पाठवतो म्हणून. त्याच्या कितीतरी पट जी दरमहा घालते, तिचं नाव कुणाच्याच तोंडी नाही.

चौथा खर्च तिच्या पुढच्या आयुष्याचा. कॅनिंगची जागा दुसरीला गेली. बचत गटाचा हप्ता थकला. पाटल्या गहाण पडल्या. पाठ गेली, झोप गेली. पाच-सात वर्षांनी सासूबाई जातील तेव्हा ही पन्नाशीची असेल. हातात ना काम, ना पैसा, ना दागिना. आणि तिच्या म्हातारपणी तिला कोण बघणार, हा प्रश्न तसाच.

जागतिक आरोग्य संघटनेनं जगभराचा असा हिशेब मांडला आहे. २०१९ साली या आजाराचा जगाला आलेला खर्च १.३ लाख कोटी डॉलर. त्यातला जवळजवळ अर्धा हा घरच्या माणसांनी बिनपैशानं केलेल्या सांभाळण्याचा. आणि त्या सांभाळण्याच्या तासांपैकी शेकडा ७० तास बायकांचे. आपल्या देशात २०१९ साली सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. घरात स्मृतिभ्रंशाचं माणूस आलं की या २९९ वर भर पडते. ती ९७ बहुधा तेवढीच राहतात.

हे आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत मेक्सिकोकडून, दक्षिणेकडून आलेली लॅटिनो कुटुंबं आहेत. त्यांच्यात हा आजार गोऱ्यांच्या दीडपट आढळतो. आईबापांना परक्याच्या हाती द्यायचं नाही, ही त्यांचीही रीत, आणि ती रीत पाळण्यासाठी नोकरी सोडते ती मुलगी. रीत घराण्याची आणि किंमत बाईची, हे सातासमुद्रापलीकडेही तसंच आहे. पण तिथल्या कॅलिफोर्निया राज्यात एक सोय आहे: गरीब, परावलंबी माणसाला घरी सांभाळणाऱ्याला, मग ती त्याची मुलगी का असेना, सरकार तासावर पैसे देतं. जर्मनीत १९९५ पासून सांभाळण्याचा विमाच आहे; त्यातून घरी सांभाळ होत असेल तर दरमहा रक्कम मिळते, आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनीतही भर पडते. हे श्रीमंत देश आहेत म्हणाल, तर केरळ बघा. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांना पूर्णवेळ सांभाळणाऱ्यांसाठी आश्वासकिरणम् नावाची सरकारी योजना आहे, महिना ६०० रुपयांची. रक्कम क्षुल्लक आहे. पण ती कुणाच्या नावावर आहे बघा: जी सांभाळते तिच्या.

आपल्याकडे काय आहे? निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. २०२३ साली तिचे हजाराचे दीड हजार झाले. घर खरंच त्या अटीत बसत असेल तर उत्पन्नाचा दाखला घेऊन अर्ज जरूर करा. पण नावाची गंमत बघा. श्रावणबाळानं आईबापांची कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. आज कावड सुनेच्या खांद्यावर आहे आणि योजनेला नाव मुलाचं! २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळालं. ते कार्ड काढून ठेवा. पडून हाड मोडलं, न्यूमोनिया झाला तर उपयोगी येईल. पण ते रुग्णालयातल्या खाटेसाठी आहे. स्मृतिभ्रंशाची बहुतेक वर्षं घरातल्या खाटेवर जातात, आणि त्या खाटेला कुठलं कार्ड नाही. आयकराच्या जुन्या पद्धतीत या आजाराच्या उपचारखर्चावर सवलत आहे, रुग्ण साठीपुढचा असेल तर लाखापर्यंत. ती कुणाला मिळते? मुंबईत बसून विवरणपत्र भरणाऱ्या मुलाला. मलमूत्र काढणारी आयकर भरत नाही, म्हणून तिला कसली सवलतही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, कारण इथे बायकांना खूप फसवलं जातं. 'सासूला बघणं हे सुनेचं कर्तव्यच आहे, कायदा आहे तसा,' असं आपल्याला सांगतात. तसा कायदा नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा. सगळ्या धर्मांना लागू आहे. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची आहे. सून त्या व्याख्येत नाही. २०१९ साली लोकसभेत एक विधेयक आलं होतं, सून-जावयालाही त्यात ओढणारं. त्या लोकसभेच्या मुदतीत ते संमत झालं नाही. पुन्हा आलं तर आपण विचारलं पाहिजे, सुनेचं कर्तव्य वाढवता, मग तिचा हक्क कुठे वाढवता?

या कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण आहे. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार येतो. महिन्याला १० हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते, आणि निकाल ९० दिवसांत द्यायचा असतो. म्हाताऱ्या माणसाला स्वतः जाणं शक्य नसेल तर त्यानं नेमलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. म्हणजे आपल्या संघटनांना इथे काम आहे. मूल नसलेल्या म्हातारीच्या बाबतीत, जो ऐपतदार नातेवाईक तिची मालमत्ता वापरतो किंवा जो तिचा वारस होणार, त्याच्यावर जबाबदारी येते. वारसा हवा तर सांभाळही हवा, हे कायद्यात लिहिलं आहे. आणि मुलींनाही इथे एक शब्द. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो आपण लढून मिळवला. तर मग आईच्या सांभाळाची बरोबरीही आपली. 'मी दिलेली' म्हणून वहिनीवर सगळं टाकायचं आणि सणाला येऊन 'आईचे केस का विंचरले नाहीत' विचारायचं, हे बहिणीपणाचं नाही.

अजून एक सावधगिरी, आजाराच्या सुरुवातीलाच घ्यायची. माणसाला समज आहे तोवर कागद नीट करा. बँकेत दोघांच्या नावाचं खातं, वारसनोंद, पेन्शनचे कागद, आणि त्यांना करायचं असेल तर मृत्युपत्र, डॉक्टरच्या दाखल्यासह आणि दोन साक्षीदारांसमोर. पुष्कळांना वाटतं, कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की ते मुखत्यारपत्रही संपतं. मग खात्यातल्या स्वतःच्याच पैशासाठी उच्च न्यायालयापर्यंत जायची पाळी येऊ शकते. आणि अंगठे घेण्याच्या भानगडीत पडू नका. समज गेलेल्या माणसाचा अंगठा घेऊन कलमांची बाग नावावर करून घेणारे घरातच निघतात, आणि आळ मात्र सांभाळणारीवर येतो. ती आजारी बाईसुद्धा आपलीच आहे. तिची मिळकत, तिचे दागिने, तिची पेन्शन आधी तिच्या सांभाळावर खर्च व्हायला हवी. वारसांनी वाट बघावी.

मग करायचं काय? सरकार देईल तेव्हा देईल. घरापासून सुरू करू.

एक वही घाला. शंभर पानी, साधी. तिच्यात दोन रकाने. एकात पैसे: गोळ्या, लंगोट, रिक्षा, जादा दूध. दुसऱ्यात तास: कोण, कधीपासून कधीपर्यंत बसलं, रात्री किती वेळा उठलं. महिनाभर लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारा मुलगा लिहील, त्यालाही कळेल आई काय करते ते. ही वही सुनेचं संरक्षणही आहे. उद्या कुणी म्हणालं, सासूचे पैसे खाल्ले, तर वही पुढे करायची.

मग कुटुंबाची बैठक. ती कधी? गणपतीत. चाकरमानी सगळे येतात, मुलीही येतात. आरती झाली, जेवणं झाली की वही मध्ये ठेवायची. एकटीनं बोलणं जड जाईल, म्हणून गटातल्या दोघी-तिघींनी सोबत बसावं, किंवा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या आत्याला-काकांना आधी तयार करावं. मागणी नेमकी ठेवा. बेरीज करून भावंडांत वाटणी. पैशाबरोबर सांभाळणारीच्या बुडालेल्या मजुरीचाही वाटा, तोही तिच्या नावच्या खात्यात, नवऱ्याच्या नव्हे. आणि सणात पाहुण्यांचं रांधून ती अर्धमेली होते, त्याऐवजी त्यातले चार दिवस तिनं माहेरी जावं, आईला मुलगे बघतील. चार दिवस एकट्यानं बघितलं की वहीतल्या तासांवर कुणी वाद घालत नाही.

पुष्कळ घरांत आईला पाळीपाळीनं फिरवतात. दोन महिने डोंबिवली, दोन महिने विरार, पावसाळ्यात गाव. वाटणी न्याय्य दिसते, पण या आजारात जागा बदलली की गोंधळ वाढतो, रात्रीचं उठणं वाढतं, पडणं-हरवणं वाढतं आणि त्याबरोबर खर्चही. पाळी लावायचीच तर पैशाची लावा, सांभाळायला येणाऱ्या माणसांची लावा. आजारी माणसाला त्याच्या पडवीत राहू द्या.

घरानंतर वाडी. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बाया होत्या. पुरुष कमवायला बाहेर, म्हातारी माणसं आणि बाया गावात. म्हणून एकेका घरानं हे ओढणं शक्य नाही. बचत गटात ठराव करा: जिच्या घरी असं आजारपण आहे तिचा हप्ता थकला तर दंड नाही, आणि पाटल्या गहाण पडायच्या आत तिला कर्ज. आठवड्यातून दोन दुपारी शेजारणींनी पाळीनं बसायचं, म्हणजे ती कामाला, बाजाराला जाईल. काही नाही तर झोपेल. आणि ऐपतदार घरांनी सांभाळायला बाई ठेवली, तर तिला ठरलेला पगार आणि आठवड्याची सुट्टी द्या. एका बाईचं ओझं दुसऱ्या गरीब बाईवर स्वस्तात टाकणं, हे काही आपलं उत्तर नाही.

आणि मग सरकार. १९७५ साली अंगणवाडी सुरू झाली. रोजगार हमीच्या कामावर मुलांसाठी पाळणाघर हवं म्हणून आपल्या चळवळीनं आवाज उठवला. कामकरी बाईला मूल सांभाळण्याची सोय हवी, हे पटायला किती वर्षं गेली! आता म्हाताऱ्या माणसांसाठी तेच मागायचं आहे. गावात समाजमंदिर आहे, शाळेच्या रिकाम्या खोल्या आहेत. दिवसाचे सहा तास चालणारं म्हाताऱ्यांचं सांभाळघर, प्रशिक्षण आणि नीट मानधन असलेल्या दोन बाया, आरोग्य केंद्रातून आठवड्याची फेरी. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. दुसरी मागणी, सांभाळणारीच्या नावानं भत्ता. केरळ देतं, महाराष्ट्रानं का देऊ नये? तिसरी, अपंगत्वाच्या दाखल्याची. २०१६ च्या कायद्यात स्मृतिभ्रंशाचं नाव वेगळं नाही, पण मानसिक आजार आणि मज्जासंस्थेचे दीर्घ आजार आहेत. त्या आधारावर जिल्हा रुग्णालयात तपासणी मागा, नाकारली तर लेखी कारण मागा.

ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हे बिनपैशाचे सरकारी फोन आहेत. सल्ला मिळतो. आणि सांभाळणारीलाही 'आता माझ्यानं होत नाही' असं म्हणायचं झालं तर दुसरा नंबर तिच्यासाठीही आहे. दमलेल्या हातानं कधी म्हातारीवर हात उचलला जातो, कधी तिला खोलीत कोंडलं जातं. ते वाईटच आहे. पण दोष देऊन ते थांबत नाही. दुसरा हात मदतीला आला की थांबतं.

मालगुंड हे केशवसुतांचं गाव. त्यांची आठवण जपायला इथे १९९४ साली स्मारक उभं राहिलं, आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे. ज्या साध्यासुध्या बायांची आठवणच गळून चालली आहे त्यांना जपणं हेही या गावाचंच काम आहे, एकट्या सुनेचं नाही.

सासूवर माया असेल तर सून करीलच. कित्येक जणी मनापासून करतात. मायेचे पैसे कुणी मागत नाही. बुडालेल्या मजुरीचे मागतो आहोत. या गणपतीला आपापल्या घरची वही तयार ठेवा. पुढच्या बैठकीत प्रत्येक वाडीतून निदान एक वही इथे आली पाहिजे. त्या वह्यांची बेरीज घेऊन आपण ग्रामसभेत जाऊ.